लाल ताडपत्री

अख्खी हयात तिकिटं तपासण्यात गेल्यामुळे संशय तपासनिसाच्या हाडीमाशी खिळला होता. त्यात सकाळपासून त्याचा दोस्त जाड्या घाटात लाल ताडपत्री घातलेल्या ट्रकमागेच गाडी हाकत होता. ट्रक एखाद्या गावात चहाला थांबला की जाड्याही थांबायचा. ट्रक सुटला की अर्धा कप टाकून पळायचा. “पुढे काढ की!” “घाई काय? सासुरवाडीला चाललोय?” तपासनिसाच्या मनात पाल चुकचुकली. या ट्रकशी याचं साटंलोटं काय? तेवढ्यात ट्रक हमरस्ता सोडून दगडखाणीत वळला. जाड्यानेही शीळ घालत गाडी मागोमाग वळवली. “सापडलास! इथं कुणाला भेटायचंय?” “कुणाला भेटणार? घाट उतरतोय आपण.” दोन्ही बाजूंना फोडलेल्या दगडांचे ढीग होते. तपासनिसाने जाड्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. “जाड्या, थांबव. समोर काय दिसतंय तुला?” गाडी थांबली, शीळही. “लाल,” जाड्या म्हणाला. “सकाळपासून तेवढंच दिसतंय, बाकी सगळं अंधुक.”