सहा पांढरे उंदीर

"बाटली मी भरणार," धोंडूबाई म्हणाली. "आमी पितो तसंच पानी भरणार."

तिनं लुगड्याच्या जुन्या धडप्याच्या आठ घड्या केल्या, बाटलीच्या तोंडावर धरल्या आणि तळ्याचं पाणी वरून ओतलं. फडक्यावर हिरवा साका राहिला.

धरणाचे इंजिनीयर साहेब हसले. "आठ करा नाहीतर सोळा करा, बाई. फडक्यानं विष अडत नाही."

तळं हिरवं पडलं होतं, हे कुणीच नाकारत नव्हतं. दोन म्हशी दगावल्या होत्या. खालचं धरणही असंच हिरवं झालं होतं, पण साहेबांनी चार दिवसांपूर्वी होडीतून मोरचूद टाकून शेवाळ मारलं आणि पाणी आरशासारखं नितळ केलं. तरी त्यांच्या वसाहतीत पोरांची पोटं बिघडतच होती. ही घाण वरच्या तळ्यातून झिरपते, असं साहेबांनी ठरवून टाकलं होतं. तळं रिकामं करायला त्यांनी मुकादम कोंडाजीला आठ गडी आणि पहारी देऊन बांधावर उभं केलं होतं.

तळं गेलं तर पावसाळ्यापर्यंत चाळीस घरांना दुसरं पाणी नव्हतं. तो बांध धोंडूबाईच्या सासऱ्यानं गावाला हाताशी धरून घातला होता.

"म्हशी मेल्या त्या कशानं?" साहेबांनी विचारलं.

"म्हशी काय गाळून पितात व्हय?"

पाणी तपासायला मुंबईहून आलेले तपासणीस मध्ये पडले. "असलं विष शेवाळाच्या पोटात असतं, ते फुटलं की पाण्यात उतरतं," ते म्हणाले. "हे पाणी आटवायचं आणि तीन उंदरांना पोटात टोचायचं. विष असेल तर दोनेक तासांत कळेल. पण नुसत्या सुईनं उंदीर मरत नाहीत, हेही दिसायला हवं. म्हणून आणखी तिघांना चांगलं पाणी तसंच आटवून टोचतो."

"माझ्या नळाचं घ्या, धरणातून येतं ते," साहेब म्हणाले. "याहून चांगलं पाणी खालापूर तालुक्यात मिळायचं नाही."

"मग कागूद करा," धोंडूबाई म्हणाली. "ज्या पान्यानं उंदीर मरतील, ते पानी त्याच दिवशी बंद. मागनं शब्द फिरवायचा नाय."

"तेच तर मला हवंय." साहेबांनी उभ्या उभ्या कागद लिहून दिला.

बाटल्यांना लाख लावली. धोंडूबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिच्या बाटलीच्या चिठ्ठीवर अंगठा उठवला. दुसरीवर साहेबांनी झोकदार सही केली. त्याच चिठ्ठ्या पुढं पिंजऱ्यांना लागणार होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणिसांनी शाळेच्या पडवीत सुया टोचल्या आणि पिंजऱ्यांवर ओलं फडकं टाकून ते घड्याळ घेऊन बसले. गाव अंगणात बसलं. साहेबांनी थर्मासमधलं नळाचं गार पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि एक पेला धोंडूबाईपुढं धरला.

"प्या बाई. चांगलं पाणी कसं असतं ते तरी कळेल."

"नको. मी माझं आनलंय." तिनं जवळचा तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत ती गटागटा प्याली. विमलबाईनं, तिच्या सुनेनं, डोळ्यांना पदर लावला.

"रडतेस काय गं? मरायचं तर आपल्या पान्यानं मरू."

साहेबांनी दोन्ही पेले स्वतःच संपवले.

दीड तासानं तपासणीस पडवीच्या पायरीवर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तीन मेले," ते म्हणाले. "तीन ठणठणीत आहेत. साहेब, तुम्ही जरा आधी—"

"बस, एवढंच हवं होतं." साहेब उठले. "कोंडाजी, घाल पहार."

अंगणाच्या कडेला उभा असलेला कोंडाजी जागचा हलला नाही. त्याची बहीण याच गावात दिली होती.

"साहेब, कृपा करून माझं ऐका," तपासणीस म्हणाले.

"नंतर. कागद झालाय, बाईंनीच करून घेतलाय. आता माघार नाही."

"माघार मागतंय कोन?" धोंडूबाई उठली. "माझ्या पान्यानं मेले म्हनता, तर मेलेले मला बघू द्या. माती तरी मीच देते."

तिला कुणी अडवलं नाही. ती पायऱ्या चढली आणि तिनं फडकं उचललं. एका पिंजऱ्यात तीन उंदीर दाणे कुरतडत होते. दुसऱ्यात तिघं पाय ताणून पडले होते. त्या पिंजऱ्याची चिठ्ठी तिनं सोडवली, उजेडात धरली, उलटीसुलटी करून पाहिली.

चिठ्ठीवर अंगठा नव्हता.