तिसरं कोटेशन

“तिसरं कोटेशन आलं की लगेच ठरवू,” अनंतराव म्हणाले आणि त्यांनी दोन्ही जहाजांच्या पुस्तिका पुन्हा फाइलीत ठेवल्या.

प्रमिलाताई समोर बसून मटार सोलत होत्या. “अहो, कुठलंही जहाज घ्या. पण या हिवाळ्यात घ्या.”

हे अनंतरावांच्या गळी उतरणारं नव्हतं. सिल्वासाच्या सरकारी कचेरीत, खरेदीच्या टेबलावर त्यांची हयात जात आली होती. टाचण्या घ्यायच्या तरी तीन कोटेशनं आणि वर तुलनात्मक तक्ता. दोनांवर सही केली की बोट दाखवायला लोक टपलेलेच. ही सवय त्यांच्या मागोमाग डोकमर्डीच्या क्वार्टरमध्ये कधी राहायला आली, ते त्यांनाही कळलं नाही. मिक्सर घेतला तो तीन दुकानं पालथी घालून. “लग्नाच्या वेळीसुद्धा यांनी तीन मुली पाहिल्या. मी तिसरं कोटेशन,” असं प्रमिलाताई आल्यागेल्याला सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

या वेळी त्या हसल्या नाहीत. वलसाडच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. काचबिंदू आहे, नजर कडांकडून जात राहील, गेलेली परत यायची नाही. त्यानंतरच्या रविवारी प्रमिलाताईंनी राखोलीच्या पुलावर स्कूटर थांबवायला लावली होती. खाली दमणगंगा संथ वाहत होती.

“हे पाणी शेवटी समुद्रालाच जातं ना?” त्या म्हणाल्या. “मी वेळणेश्वरची. किनाऱ्यावरून समुद्र पोटभर पाहिला. पण समुद्रातून माझा किनारा कधी पाहिला नाही. आम्हा मुलींना कोण होडीत घेणार? तेवढं एकदा दाखवा मला.”

बायकोनं जन्मात पहिल्यांदाच काही मागितलं होतं. ते सर्वांत चांगलंच द्यायचं, असं अनंतरावांनी मनाशी ठरवलं आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. मुंबईहून गोव्याला किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी दोन लहान, उंची जहाजं होती. दोन वेगळ्या कंपन्यांची, मोजक्याच खोल्यांची. ‘शुभदा’ जुन्या वळणाची. जेवण घरच्यासारखं, ताज्या सुरमईचं आणि सोलकढीचं. कप्तान स्वतः प्रवाशांशी गप्पा मारत बसणारा. खिडक्या मात्र लहान, गोल. ‘जलराणी’ नवी कोरी. पायाखाली गालिचे, खोलीत गार हवा, भिंतीएवढी काच. वरचा मजलासुद्धा काचेनं बंद केलेला. वाऱ्याचा, मिठाचा, मासळीच्या वासाचा उपद्रव नाही, असं पुस्तिकेत छापलं होतं. अनंतरावांनी तक्ता आखला. एकेका बाबीला गुण दिले, लाल शाईनं शेरे मारले. तक्ता असा देखणा उतरला, की साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवावा.

तिसरी कंपनी कोचीची होती. तिला तीन स्मरणपत्रं गेली. कचेरीतला शिपाई झिपरू रोज टपाल घेऊन यायचा आणि न विचारताच सांगायचा, “आज बी काय नाय, साहेब.”

हिवाळा सरला. उन्हाळा गेला. पावसाळ्यात जहाजं बंद. भर श्रावणात कोचीचं उत्तर आलं. जहाज विकलं, कंपनी गुंडाळली, क्षमस्व. अनंतरावांनी तेही पत्र फाइलीला लावलं.

मग मात्र ते प्रमिलाताईंच्या समोर येऊन बसले. “दिसतं ना गं अजून?” त्यांनी विचारलं.

“दिसतं की. जरा अंधुक इतकंच.”

घरात त्या पहिल्यासारख्याच वावरत होत्या. चहा सांडत नव्हता, उंबऱ्याला ठेच लागत नव्हती. अनंतरावांना ते खरं मानायचं होतं, म्हणून त्यांनी मानलं. नजर अंधुक, तर खिडकी मोठी हवी. त्यांनी ‘जलराणी’ पक्की केली. जन्मात पहिल्यांदाच दोन कोटेशनांवर सही केली आणि आपण केवढं धाडस केलं, असं त्यांना वाटलं.

हिवाळ्यात जहाज निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतल्या कर्ण्यातून सूचना आली, की डाव्या हाताला वेळणेश्वर दिसतं आहे. अनंतराव काचेकडे धावले. ऊन स्वच्छ होतं. माड दिसत होते, पांढरी वाळू दिसत होती, माडांच्या आड देवळाचा कळसही दिसत होता.

“प्रमिला, अगं आलं! बघ, बघ तुझं गाव!”

प्रमिलाताई लगबगीनं उठल्या. पदर सावरला, हात जोडले आणि उजळलेल्या चेहऱ्यानं उभ्या राहिल्या त्या कपाटाकडे तोंड करून. कपाटाच्या वर गार हवेचं यंत्र होतं. वारा तिकडून येत होता.

अनंतराव जागच्या जागी थिजले. घरातली भिंत न् भिंत तिच्या सवयीची होती, ही खोली नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिनं घाई का केली आणि श्रावणात खोटं का बोलली, ते त्यांना एकदमच कळलं. ती आता त्यांच्यासाठी आली होती.

त्यांनी खांद्याला धरून तिला हळूच वळवलं आणि काचेपाशी नेलं. तिनं गार काचेवर तळहात ठेवला. मग तो या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. वर फिरवला, खाली फिरवला.

“अहो, कडी कुठंय हिची? जरा उघडा ना. आमच्या वेळणेश्वरचा वारा मी वासावरून ओळखीन.”

काच एकसंध होती. तिला कडी नव्हती, फट नव्हती. माड हळूहळू मागे सरकत होते आणि अनंतरावांच्या डोळ्यांपुढे तो तक्ता लख्ख उभा राहिला. ‘शुभदा’च्या रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘खिडक्या लहान, परंतु उघडतात, खारा वारा थेट खोलीत येतो.’ आणि त्यापुढे लाल शाईनं त्यांचाच शेरा होता, ‘गैरसोय.’