हजेरीबुकात नसलेला माणूस

“आधी हात दाखवायचा, मग बोलायचं. आणि साहेबासमोर रडायचं नाही,” माउली म्हणाले.

“मी कायले रडतो? रडते ते ही,” लखीरामनं बायकोकडं बोट केलं. उजव्या हाताला आता तीनच उरली होती.

सुखीबाई चुलीपासून ओरडली, “दोन गेले तरी बोट दाखवाची खोड नाई गेली!”

तिघंही हसले.

घाटंजीत मारुतीच्या देवळात गुरुवारी कीर्तन असे. ओळख तिथलीच. लखीराम रुमालानं मनगटाला झांज बांधून वाजवत होता. शेजारी टाळ धरलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “बोटं कुठं गेली, माउली?”

“कापसाच्या जिनिंगात. मशीनवरची जाळी काढून ठेवलेली होती.”

“कोणत्या जिनिंगात?”

“नाक्यावरच्या.”

म्हाताऱ्याचा ताल चुकला.

कीर्तनात कोणी कोणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. समोरचा माउली, आपणही माउली. एकमेकांच्या पाया पडायचं आणि नामात रंगायचं. तेव्हापासून हे माउली दर गुरुवारी दुपारच्याच एसटीनं यवतमाळहून येत आणि लखीरामच्या ओट्यावर कागद पसरून बसत. भरपाईचा अर्ज त्यांनीच लिहून दिला होता.

अडचण एकच होती. अपघात झाला त्याच दिवशी रामसिंग मुकादमानं हजेरीबुकातून लखीरामचं नाव काढून टाकलं. ‘हा आमचा मजूरच नाही,’ असं कारखान्यानं लेखी कळवलं. मजूर नाही तर भरपाई कसली? सोबतचे लोक साक्षीला तयार नव्हते. त्यांचंही चुकत नव्हतं. कापसाचा भाव पडलेला, अर्ध्या जिनिंगांना कुलपं. हातातलं काम कोण घालवणार?

“शेठले भेटून येऊ काय, माउली? मी त्याले कधी पाह्यलं नाई, पन मानूस भक्तिमार्गी हाय म्हनतात.”

“शेठचं आता घरात कोणी ऐकत नाही. कारभार पोराकडं आहे. तो तुला फाटकातूनच परत लावेल.”

“तुमाले लय माहीत शेठच्या घरचं!” सुखीबाईनं चहा पुढं केला.

“टाळ कुटणाऱ्याकडं दहा घरच्या बातम्या असतात, बाई.”

“आन् तारखेवर शेठ आलाच तं?” लखीराम म्हणाला. “मी तं पाया पडन. चार वर्सं त्याच्याच जिनिंगावर पोट भरलं.”

“पडू नको!” माउलींचा आवाज एकदम चढला. मग त्यांनी चहावर फुंकर घातली. “मागच्या कीर्तनात बुवा काय म्हणाले? घाम गाळणाऱ्याचं देव स्वतः उसनं ठेवत नाही, मग माणसाची काय कथा? ही भीक नाही, लखीराम. हक्क आहे. हक्क वाकून मागत नसतात.”

“बराबर हाय. पन मंग साक्ष कोन देईन?”

“पांडुरंग देईल.”

“त्याले टायमावर एसटी भेटली पाह्यजे,” सुखीबाई म्हणाली, आणि माउलींना असं हसू फुटलं की बशीतला चहा धोतरावर सांडला.

तारखेला माउलींनी दोघांना यवतमाळच्या बसस्टँडवरून घेतलं. कामगार कचेरीत तिघं एकाच बाकावर बसले. कारखान्याचा वकील ऐटीत आत आला, बाकाकडं पाहिलं आणि जागीच थांबला. काखेतली फाइल खाली पडली.

“माहा हात पाहून घाबरला वाटते,” लखीराम कुजबुजला.

पुकारा झाला. साहेबांनी हात निरखून पाहिला. लखीराम रडला नाही, सुखीबाई रडली.

वकील हळू आवाजात म्हणाला, “साहेब, आम्हाला पुढची तारीख मिळावी.”

“का? तुमचं म्हणणं तर लेखी आलेलं आहे. हा तुमचा मजूर नाही, हजेरीबुकात नाव नाही.” साहेब लखीरामकडं वळले. “तुमचा साक्षीदार कोण?”

लखीरामनं माउलींकडं पाहिलं.

साहेबांनी चष्मा काढला. “बरं, जिनिंगचे मालक आलेत काय?”

लखीराम दाराकडं पाहू लागला. दारात कोणीच नव्हतं.

बाजूला माउली उठले. टोपी सारखी करून त्यांनी हात जोडले.

“हजर आहे, साहेब. हा मजूर माझाच.”