उघडं पोर्ट

स्मरणशक्तीसाठी आबांच्या मेंदूत इवलासा सर्व्हर बसवल्यापासून त्यांची मुलगी शर्वरी दर रविवारी त्याची पोर्टं, म्हणजे नेटवर्कची दारं, तपासायची. आज एक पोर्ट उघडं दिसलं. त्या वाटेनं कुणीतरी आत शिरलं होतं, अजूनही आतच होतं.

"आबा, पासवर्ड कुणाला दिलात का?"

"नाही गं," आबा हसत म्हणाले. "पण ते पोर्ट बंद करू नकोस."

शर्वरीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पोर्टबद्दल ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

तिनं डोळे मिटून पोर्ट बंद करायचं बटण दाबलं. आबांची मान खाली कलली. मग त्यांनी हळूच वर पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"चार दिवस हाका मारतोय गं आतून," ते रडत म्हणाले. "तुला ऐकूच जात नव्हतं."