फेसाचा पाळणा

सासूबाई रोज सकाळी जुन्या गाळणीनं माशाच्या बरणीतला फेस काढून मोरीत झटकायच्या. "तुझा हा मासा थुंकतो फार!" मासा आणला त्यांच्याच लेकानं, पण घाण केली की तो माझा.

मला आठवा महिना. आज सासरे पेपरामागून म्हणाले, "बाळ झालं की नोकरी सोड. पोरं आईनंच वाढवायची, निसर्गाचा नियम आहे." नवऱ्यानं पोहे चावत मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. बरणीत गाळणी घालणाऱ्या सासूबाईंचा मी हात धरला. "थांबा आई! ती थुंकी नाही, घर आहे. हा नर आहे. मादीचा पत्ता नसताना यानं तोंडानं बुडबुडे करून पिल्लांसाठी पाळणा बांधलाय. अंडी झाली की हाच ती तोंडात उचलून फेसात ठेवतो. एखादं पडलं की परत उचलतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत पहारा देतो."

"आणि मादी?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला हाकलून देतो. तिचं काम संपलं."

सासूबाई बरणीकडे बघत राहिल्या. इतक्या मायेनं त्यांना कुठल्याच पुरुषाकडे बघताना मी पाहिलं नव्हतं. मग ती गाळणी त्यांनी, न धुताच, सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली.

"चहा उकळतोय, गाळून घ्या." लेकाकडे वळल्या, "आणि तू माळ्यावरचा पाळणा उतरव. आम्ही दोघी फिरायला चाललोय."

"आत्ता?" सासरे दचकले.

सासूबाईंनी चपला पायात सरकवल्या. "हाकलायचा त्रास नको तुम्हाला. आम्ही आपणहून निघालोय."