टाक्याजवळची गाठ

पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीनं ऑपरेशन झालं आणि पुढे प्रणिताचं पोट बेंबीजवळच्या टाक्यापाशी फुगू लागलं. वर्षभर पुण्याहून घरी न आलेल्या नवऱ्याला ती चार महिने फोनवर सांगत होती, “लय दुखते, दवाखान्यात न्या.” त्याला सुट्टी मिळेना. मग सासूनं त्या पोटाबद्दल त्याचे कान भरले आणि तो दुसऱ्याच दिवशी फुलसावंगीत हजर झाला. त्यानं तिला पुसदला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. “कितवा महिना हाये?” नवऱ्यानं विचारलं. “हर्निया आहे. दुर्बिणीच्या छेदातून आतडं बाहेर येतंय. ऑपरेशन लागेल.” नवऱ्यानं सुस्कारा टाकला आणि आईला फोन लावला, “काई नाही वो माय, नुसतं आतडं हाये.” “दुखलं तवा सुट्टी नोती तुमाले,” प्रणिता म्हणाली, “शक आला तवा भेटली.” ऑपरेशनला तिनं भावाला बोलावलं.