तोंड तारप्याकडे

"फुंकायचं नाही, नुसतं धरायचं," मेहुलने तिसऱ्यांदा बजावलं. "आवाज रेकॉर्डवरून येईल. तुम्ही फक्त गाल फुगवा, आजोबा."

चिंतूने हातातल्या तारप्याकडे पाहिलं. त्याचा भोपळा त्याने स्वतः वाळवला होता, सांध्यांना मेण स्वतः लावलं होतं. पन्नास वर्षं तो हे वाद्य फुंकत आला होता. आणि आज केळव्याच्या किनाऱ्यावर, भर संध्याकाळी, चारशे लोकांसमोर त्याला गाल फुगवायला सांगत होते. तेही त्याच्याच तारप्याच्या टिपलेल्या आवाजावर!

"मी नाय गाल फुगवनार. वाजवीन, नायतर खाली बसंन."

"मग बसा," मेहुल म्हणाला. जलसा त्याचा, रिसॉर्टही त्याचंच. "नाच तुमच्यावाचून अडत नाही. तारपा रेकॉर्डवर आहे."

चिंतू मंचावरून उतरला आणि तारपा मांडीवर घेऊन वाळूत बसला. मेहुलचा त्याला फारसा राग आला नाही. असली माणसं त्याने पैशाला पासरी पाहिली होती. राग आला तो मोरिताचा.

मोरिता जपानचा डीजे. आपल्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आणि पाठीमागे नाचणारं वऱ्हाड. हा गडी तसला नव्हे. हा रेकॉर्ड हाताने पुढेमागे ओढून तिच्यातून नवंच गाणं काढायचा. जपानात हिप हॉप हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हापासून त्याचा हा उद्योग चाललेला. गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर तो उमरोळीजवळच्या पाड्यावर आला आणि तीन दिवस चिंतूच्या ओटीवर ठाण मांडून त्याने तारपा टिपून घेतला.

चिंतूची पुतणी तेजल बोईसरच्या एका कंपनीत जपानी दुभाषी होती. तिने त्याची कहाणी काकाला सांगितली होती. जवानीत एका क्लबात मोरिताने चालू रेकॉर्ड हाताने मागे खेचली. मालक भडकला. रेकॉर्ड ऐकायची असते, उलटी फिरवायची नसते, म्हणत त्याने ह्याला हाकलून दिलं. हा दुसऱ्या दिवसापासून त्याच क्लबाच्या दारासमोर फूटपाथवर यंत्र मांडून बसला. वर्षभर बसला. पुढे त्याच क्लबाने त्याला सन्मानाने आत बोलावलं, आणि त्याचं बघून तिथली कितीतरी पोरं डीजे झाली.

ते ऐकून चिंतू खदखदून हसला होता. तारप्याचे दोन सूर. एकावर नाचणाऱ्यांची रांग एका अंगाने फिरते, दुसरा लागला की उलटी. "माजी रांग बी उलटी फिरते," तो म्हणाला होता. "हा मानूस आपल्यातलाच हाय."

आणि त्याच माणसाने आज त्याला शोभेला उभं केलं होतं. मोरिता मुंबईहून आत्ताच पोचला होता, आणि मंचावर चढताना चिंतूकडे बघून लांबूनच कमरेत वाकला होता. तो नमस्कार चिंतूला फार लागला.

सुई टेकली. दोन्ही बाजूंच्या स्पीकरमधून चिंतूचा तारपा घुमला आणि त्याच्याखाली दणदणीत ठोका. मंचावर पारूची रांग कमरेला हात गुंफून उभी होती. रांगेची पुढारी पारू. तिने पाऊल उचललं आणि ती अडली. तारप्याला पाठ दाखवायची नाही, हे तिच्या पायांना चालायला लागल्यापासून ठाऊक. पण तारपा होता कुठे? आवाज डावीकडून येत होता आणि उजवीकडूनही. अर्धी रांग इकडे वळली, अर्धी तिकडे. बाया एकमेकींवर आदळल्या. लोक हसले.

"तोंड लोकांकडे! लोकांकडे!" मेहुल माइकवर ओरडला.

पारूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाळूत बसलेला चिंतू तिला दिसला, तशी सगळी रांग ओढत ती पायऱ्या उतरली. रांगेने चिंतूभोवती वेढा घातला. मंच, दिवे, कॅमेरे, सगळ्यांना पाठ.

"तारपा हितं हाय," पारू म्हणाली. "उठ, चिंतूदादा."

चिंतू उठला, पण तारपा त्याने तोंडाला लावला नाही. एका रिंगणात दोन तारपे वाजत नाहीत, मग दुसरा आपलाच का असेना. गर्दीत उभ्या असलेल्या तेजलला त्याने हाक मारली.

"इचार त्याला. मी जिता असताना माजा तारपा रेकॉर्डीवर कशापायी?"

तेजलने मंचाशी जाऊन विचारलं. मोरिताने फिरत्या रेकॉर्डवर बोट ठेवलं. आवाज तुटला. तो काहीतरी बोलला आणि तेजलचा चेहरा रागाने लाल झाला.

"काका, मेहुलशेठनी त्यांना कळवलं होतं, तुमचा दम गेला, तुमाला आता फुंकवत नाय. म्हनून त्यांनी रेकॉर्डीची ही तारप्याची बाजू लावली."

मेहुल उगाचच माइकची वायर तपासू लागला.

"मंग दुसरी बाजू कसली?" चिंतूने विचारलं.

मोरिताने रेकॉर्ड उचलली, सगळ्यांना दिसेल अशी उलटी केली आणि सुई ठेवली. तोच ठोका सुरू झाला. चिंतू कान देऊन ऐकत राहिला. पहिल्या बाजूला जिथे जिथे तारपा होता, तिथे तिथे इथे काहीच नव्हतं. त्या माणसाने एक अख्खी बाजू चिंतूसाठी मोकळी ठेवली होती.

चिंतूचे डोळे भरून आले. त्याने छातीभर वारा घेतला आणि तारपा फुंकला. रांग फिरू लागली, वाळू उडू लागली. मग मंचाकडे बघत त्याने दुसरा सूर लावला.

रांग उलटी फिरली, आणि मोरिताच्या हाताखालची रेकॉर्डही.